रंग न बसलेली पावलं

राजुऱ्यात तेव्हा सकाळी उठलं की आधी जास्वंदीची पानं पुसावी लागत, पाणी मग घालायचं. खाणीचे ट्रक रात्रंदिवस चालत आणि कोळशाची काळी भुकटी पानांवर, दोरीवरच्या लुगड्यांवर, दुधावर झाकलेल्या ताटलीवरसुद्धा येऊन बसे. केसरबाईंना त्याचं काही वाटत नसे. मुलींच्या शाळेत त्यांनी अठ्ठावीस वर्षं शिवण शिकवलं होतं. पांढऱ्या कापडावर काळं बोट उमटलं तर ते कसं काढायचं हे त्यांनी दोन पिढ्यांना दाखवलं होतं. पण १९९८च्या दिवाळीनंतर घरची अँबेसेडर आपल्या हातानं रंगवायची असं त्यांनी ठरवलं, आणि ही भुकटी त्यांच्या जिवावर उठली.

गाडी गुणवंतरावांची, म्हणजे त्यांच्या यजमानांची. ते तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराकडे मुनीम होते. ठेकेदारानं जीप घेतली तेव्हा जुनी गाडी मुनिमाला दिली, त्यालाही वीस वर्षं होऊन गेली होती. गुणवंतरावांना जाऊन दोन वर्षं झाली. गाडी मात्र घराला लागून असलेल्या टिनाच्या छपराखाली, काळ्या फरशीवर, होती तशी उभी होती. लटारू मिस्त्री महिन्यातून एकदा येऊन ती सुरू करून जाई. इंजिन ठणठणीत होतं. गंज चढला होता तो पत्र्यावर.

मुलगा प्रफुल नागपूरला नोकरीला. दर रविवारी त्याचा फोन येई आणि दर रविवारी तो एकच म्हणे, "आई, किती दिवस एकटी राह्यशील? चल न इकडे."

"गाडी घेऊन येईन," केसरबाई म्हणत.

"तिले भंगारात दे. इथी कॉलनीत अशी गंजकी गाडी उभी केली त लोक काय म्हणतीन? रिंकूले त आत्ताच लाज वाटून राह्यली."

रिंकू म्हणजे सून. एका रविवारी केसरबाई म्हणाल्या, "अन् रंग दिला त?"

मग प्रफुल म्हणाला, "रंग दिला त आण. मी स्वतः चालवत नेतो तुले."

अट त्यांनीच घातली होती आणि ती पुरी झाली की जावं लागणार हेही त्यांना कळत होतं. दोन वर्षं घरात फक्त आपल्याच ताटाचा आवाज ऐकला की माणूस जायला तयारही होतो आणि जायला भितोही. बल्लारपूरच्या पेंटरनं गाडी तीन आठवडे ठेवून घ्यावी लागेल असं सांगितलं. रिकाम्या छपराकडे तीन आठवडे पाहत बसायचं केसरबाईंना नको होतं. त्या म्हणाल्या, मीच रंगवते.

लटारू हसला. "बाई, हे भिंतीले चुना मारनं नोय."

"चुना मी कधी मारला नाई रे. पन तुह्या बहिणीच्या हातून लग्नाचं पोलकं शिवून घेतलं होतं. ते काम सोपं होतं का?"

लटारूची बहीण शाळेत शिवणात तीनदा नापास झाली होती. तो गुमान सांगू लागला. आधी घासायचं, पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरनं, पत्रा बोटाला गुळगुळीत लागेपर्यंत. मग लाल प्राइमर. मग रंगाचा एकेक पातळ हात. वीतभर अंतरावरून मारायचा, हात थांबवायचा नाही. थांबला की ओघळ आला. सकाळच्या दवात मारला तर रंगावर पांढरी साय धरते, उन्हात मारला तर वाटेतच वाळतो. दहा ते बारा, एवढीच वेळ. "अन् धूळ, बाई. धूळ बसली की संपलं."

फवारायचं यंत्र घरातच निघालं. पाच वर्षांपूर्वी टाय लावलेला एक पोरगा दारी आला होता, सतरंजी झाडून दाखवून त्यानं गुणवंतरावांना भुलवलं होतं. तो व्हॅक्यूम क्लीनर दोनदा वापरून कपाटावर जाऊन बसला होता. त्याच्याबरोबर एक प्लास्टिकची बरणी होती. हवेची नळी उलट बाजूला लावायची, बरणीत रंग भरायचा आणि बटण दाबायचं. आवाज असा, की शेजारच्या घरची कुत्री पळून जावी.

धुळीचा तोडगा शिवणाच्या बाईंनाच सुचला. तेंदूच्या दिवसांत गुणवंतरावांचा महिना-महिना जंगलात, पानं गोळा करायच्या फडीवर मुक्काम पडे. तिथल्या सहा मच्छरदाण्या माळ्यावर होत्या. केसरबाईंनी त्या उसवल्या, एकमेकींना जोडल्या आणि छपराच्या बांबूंपासून जमिनीपर्यंत सोडून खाली विटा ठेवल्या. गाडी आत. झाडलोट करायला, भांडी घासायला येणारी बुधरी दारातच थांबली.

"बाई, गाडीले मलेरिया झाला का वो?"

"झाला न. तू लांब राह्य, तुले होईन."

पंधरा दिवस घासण्यात गेले. मग एका मंगळवारी साडेदहा वाजता केसरबाईंनी गुणवंतरावांचा जुना सदरा लुगड्यावर चढवला, नाकाला पदर बांधला, रबरी चपला पायात घातल्या आणि बटण दाबलं. यंत्र ओरडू लागलं. तांबडं धुकं उठलं. मच्छरदाणीतून येणारा उजेडही तांबडा झाला. बाहेरचा रस्ता, ट्रक, कावळे, काही ऐकू येईना. दीड तास त्या गाडीभोवती पावलापावलानं फिरल्या आणि बारा वाजता यंत्र बंद करून बाहेर येऊन बसल्या. गाडी एकसारखी लाल झाली होती. कितीतरी दिवसांनी त्यांना कुणाला तरी हाक मारून काहीतरी दाखवावंसं वाटलं.

धुकं खाली बसल्यावर त्या पुन्हा आत गेल्या. काळ्या फरशीवर तांबडी भुकटी धरली होती. जिथे जिथे त्या जास्त वेळ उभ्या राहिल्या होत्या तिथे तिथे चपलांच्या आकाराची फरशी काळीच होती. पायांखाली रंग कसा पडणार? केसरबाईंना त्याची गंमत वाटली. पोळपाटावर वाटी ठेवून पीठ चाळावं आणि वाटी उचलावी, तसंच हे.

मग मागच्या कोपऱ्यात, भिंतीजवळ, त्यांना आणखी एक जोडी दिसली.

तिथे त्या गेल्याच नव्हत्या. यंत्राची तारही तिथपर्यंत पोचत नव्हती. जागा कोरी होती, दोन पावलांएवढी, आणि पावलं अनवाणी होती. टाचा, तळव्याची खोलगट बाजू, पाच-पाच बोटं. बोटं भिंतीकडे होती. कुणीतरी दीड तास भिंतीकडे तोंड करून उभं राहावं तशी.

केसरबाईंनी विचार केला. प्राइमरच्या आधी फरशी पुसताना आपणच तिथे ओल्या पायांनी उभ्या राहिलो असू, ओलीवर रंग धरला नसेल. हे पटण्यासारखं होतं. त्यांनी फडक्याला थिनर लावून सगळी फरशी पुसून काढली.

शुक्रवारी हिरव्याचा पहिला हात. रंग त्यांनी फिकट निवडला होता, मोहाला नवी पालवी फुटून आठ दिवस झाले की दिसतो तसला. या वेळी सुरू करण्याआधी त्यांनी फरशी कोरडी असल्याचं हात फिरवून पाहिलं. मच्छरदाणीच्या कडेनं सगळ्या विटा नीट आहेत हेही पाहिलं.

बारा वाजता, धुकं बसल्यावर, पावलं डिकीजवळ होती. भिंतीपासून चार हात पुढे. आणि आता बोटं गाडीकडे होती.

केसरबाईंनी शिवणाच्या डब्यातून टेप आणली. आपल्या चपलेची लांबी नऊ इंच. हे पाऊल साडेआठ. अरुंद. अंगठ्याच्या शेजारचं बोट अंगठ्याहून अर्धा इंच लांब. त्यांनी चप्पल काढून आपलं पाऊल शेजारी ठेवून पाहिलं. त्यांचा अंगठाच मोठा होता. लहानपणापासून तो तसाच होता, आई म्हणायची, ही सासरी राज्य करील.

दुपारी बुधरी भांडी घासायला आली तेव्हा केसरबाईंनी तिला आत नेलं. बुधरी वाकली, पाहिलं, आणि दोन पावलं मागे सरली.

"हे तुमचे पाय नाई."

"नाई."

"साहेबाचे बी नाई. साहेबाचा पाय हा एवढा होता." तिनं दोन्ही हात दूर करून दाखवले. मग म्हणाली, "दहाव्याच्या रात्री साहेबाचं पीठ मांडलं होतं, त्यात काय उमटलं होतं वो?"

केसरबाईंना आठवत होतं. त्या भागात माणूस गेलं की दहाव्या रात्री कोनाड्यापाशी दिवा लावतात, पीठ पसरतात आणि वरून टोपली पालथी घालतात. सकाळी टोपली उचलून बायका वाकून पाहतात. कुणाला पाखराचा पाय दिसतो, कुणाला सापाची रेघ, कुणाला तान्ह्याचं पाऊल. गेलेला जीव कोणत्या जन्माला गेला ते कळतं म्हणतात. केसरबाईंचा विश्वास नव्हता, पण त्यांनी नको म्हटलं नव्हतं. गुणवंतरावांच्या पिठात चिमणीच्या पायासारखं काहीतरी उमटलं होतं आणि सगळ्या जणींनी सुटकेचा निःश्वास टाकला होता.

"पाखरू," त्या म्हणाल्या.

"मंग साहेब सुटले. उमटते त्याचं सुटते. हे त उमटलंच नाई, बाई. हे कोरं राह्यलं. जो उभा हाये त्याच्याच पायाखाली कोरं राह्यते न?" बुधरीनं पदर खांद्यावर ओढून घेतला. "तुम्ही रंगवा. पन त्याच्यासंग बोलू नका. अन् कशालेच हो म्हनू नका."

"बरं, तू भांडी घास," केसरबाई म्हणाल्या.

त्या रात्री नाही, पण दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना त्यांच्या लक्षात आलं की आपण त्या पावलांना घाबरलेलो नाही. आपण कुणाचा पाय असेल ते आठवत बसलो आहोत. या गाडीत कोण कोण बसलं नव्हतं! मुलचेऱ्याकडच्या बंगाली वस्तीतली नवरी पायाला लाल आलता लावून मागच्या सीटवर बसली होती आणि तिचा दीर सगळ्या रस्त्यानं शंख फुंकत होता. फडीवरच्या मंगलीला साप चावला तेव्हा गुणवंतरावांनी तिला आडवी घालून चंद्रपूरला नेलं, आणि ती महिन्यानं डोक्यावर चारोळीची टोपली घेऊन हसत दारात आली. चिमूरची आत्या चाकांना कुंकू लावल्याशिवाय चढायचीच नाही. एकेकाचे चेहरे केसरबाईंना काल पाहिल्यासारखे दिसत होते. पाय मात्र एकीचेही आठवेनात.

सोमवारी दुसरा हात मारला. पावलं मागच्या दाराजवळ आली होती.

बुधवारी तिसरा. लटारूनं तीनच हात सांगितले होते. रंग छान बसला होता, मधोमध पाहिलं तर आपला चेहरा दिसत होता. पावलं पुढच्या दाराशी होती, आणि आता बोटं गाडीकडे नव्हती. केसरबाई जिथे जास्त वेळ उभ्या होत्या, तिकडे होती.

त्यांनी चौथा हात मारायचं ठरवलं. पत्र्याला गरज नव्हती.

चौथ्या हाताच्या वेळी त्या बोलल्या. यंत्राच्या आवाजात बोललेलं कुणाला ऐकू जाणार? आपलंच आपल्याला ऐकू येत नव्हतं. त्यांनी शाळेचं सांगितलं, गुणवंतरावांचं सांगितलं, सून फोनवर 'अहो आई' म्हणते पण पुढे काही बोलत नाही ते सांगितलं. दीड तास कसा गेला कळलं नाही. यंत्र बंद केल्यावर जी शांतता झाली तीही नेहमीसारखी नव्हती. समोरचं माणूस बोलणं संपायची वाट पाहून गप्प राहतं, तशी होती. त्या दिवशी त्यांनी फरशी पुसली नाही. आपल्या चपलांच्या जागेसमोर येऊन उभी असलेली ती जोडी तशीच ठेवली.

रविवारी प्रफुलचा फोन आला. "आई, अजून किती हात मारशील? गाडी जड होऊन जाईन. मी पुढच्या रविवारी येऊन राह्यलो. पहिल्या बसनं. तू तयार राह्य."

"इतक्यात?"

"इतक्यात काय? दोन वर्षं झाले." मग त्याचा आवाज खाली आला. "मले रात्री झोप येत नाई वो, आई. तू तिथी एकटी."

केसरबाईंनी हो म्हटलं. मुलाला झोप येत नाही म्हटल्यावर काय म्हणणार? त्यांनी पेटी भरायला घेतली. शिवणयंत्राला तेल दिलं आणि झाकून ठेवलं. घराची किल्ली बुधरीकडे द्यायचं ठरलं. पण पेटीत प्रत्येक लुगडं ठेवताना त्यांना वाटत होतं, हे आपण दुसऱ्याच कुणाचं सामान भरतो आहोत. नागपूरच्या त्या तिसऱ्या मजल्यावर आपण बसणार कुठे, बोलणार कुणाशी? आणि इथे निदान सकाळी दहा ते बारा...

शनिवारी त्यांनी शेवटचा हात घेतला. बरणीत तळाला उरलेला रंग होता. ड्रायव्हरच्या दाराशी एका जागी उभं राहून त्यांनी तो मारायला सुरुवात केली. धुकं उठलं. मच्छरदाणी हिरवी झाली.

"उद्या जाऊन राह्यली मी," त्या म्हणाल्या. "खरं सांगू? जीव होऊन नाई राह्यला जायले. पोराचा शब्द मोडवत नाई म्हणून जाते."

यंत्र ओरडत होतं.

"तुले जायचं असन त तूच जाय माय, माह्या बदल्यात."

बरणी संपली. यंत्र फुसफुसलं. केसरबाईंनी बटण बंद केलं आणि धुकं बसायची वाट पाहत तिथेच उभ्या राहिल्या. मग त्या बाजूला झाल्या आणि खाली पाहिलं.

त्या उभ्या होत्या तिथे दोन कोरी पावलं होती. अनवाणी. साडेआठ इंच. अंगठ्याशेजारचं बोट लांब.

चपलांची जोडी कुठेच नव्हती.

त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. दुसरी मारली. सगळीकडे हिरवी भुकटी सारखी बसली होती. त्यांनी चपलांचे तळवे उलटून पाहिले. तळव्यांनाही हिरवा रंग लागला होता, एकसारखा, पातळ, वीतभर अंतरावरून मारल्यासारखा.

तळाचा रंग पातळ होता, म्हणून चपलांखालीही पसरला असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. संध्याकाळी बुधरी आली नाही. की आली आणि भांडी घासून गेली, त्यांना कळलं नाही. भांडी घासलेली होती.

रविवारी सकाळी नऊला फाटक वाजलं. केसरबाई स्वयंपाकघरात होत्या. बाहेर मच्छरदाण्या काढल्याचा आवाज आला आणि मग प्रफुलचा.

"अरे बाप रे, आई! काय चमकून राह्यली वो गाडी! हे तू केलं?"

"मंग कोन करन?" त्या आतून म्हणाल्या. "चहा ठेवू का?"

"हो का?" प्रफुल हसला. "मंग पुढंच बस, माह्यापाशी."

"चहा घेतो का म्हटलं," केसरबाई जरा मोठ्यानं म्हणाल्या.

"पेटी मी घेतली. तू चाल फक्त. सांभाळून, पायरी हाये."

केसरबाई हात पुसत ओसरीवर आल्या.

गाडीचं पुढचं डावं दार उघडं होतं. आत कुणीतरी बसलं होतं. पाठमोरी बाई. केसरबाईंचं जांभळं लुगडं, डोक्यावरून घेतलेला पदर. एक पाय अजून बाहेर, फरशीवर होता. अनवाणी.

प्रफुल वाकून म्हणाला, "चप्पल, आई?" आणि काहीतरी ऐकून हसला. "बरं बरं. घरी घेऊ नवी."

पाय आत गेला. त्यानं दार लावलं, जपून, रंगाला धक्का लागू नये म्हणून.

"प्रफुल," केसरबाई म्हणाल्या.

तो गाडीला वळसा घालून आला. ओसरीच्या अगदी जवळून गेला. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याचा चेहरा मोकळा दिसत होता. रात्री झोप लागेल आता याला, असं केसरबाईंच्या मनात आलं.

"प्रफुल!"

गाडी एका झटक्यात सुरू झाली.

फाटकापाशी बुधरी उभी होती. हातात घराची किल्ली. ती डोळे पुसत होती आणि गाडीच्या पुढच्या काचेकडे पाहून हात हलवत होती.

"येजा वो बाई," ती म्हणाली. "इसरू नका आमाले."

गाडी वळली. कोळशाचा एक ट्रक मध्ये आला, आणि मग रस्त्यावर फक्त ट्रक होता.

बुधरी आत आली. तिनं मच्छरदाण्यांच्या घड्या घातल्या. स्वयंपाकघराचं दार ओढून कडी लावली. कोपऱ्यातला खराटा घेतला आणि छपराखालची हिरवी भुकटी झाडायला सुरुवात केली, भिंतीपासून बाहेर, पट्ट्यापट्ट्यानं. केसरबाई ओसरीवरून उतरून तिच्या वाटेत उभ्या होत्या. वीस वर्षं या घरात झाडताना बुधरीचा खराटा कधी कुणाच्या पायाला लागला नव्हता. समोर पाय दिसला की ती थांबायची, म्हणायची, सरका वो बाई.

खराटा केसरबाईंच्या पायांपर्यंत आला, आणि थांबला नाही.